सरावलेल्या हातांची अडचण

उणे सातला दोनने भागा, उत्तर पूर्णांकात हवंय. जावा सांगते उणे तीन. पायथॉनमध्ये पूर्णांकी भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांची खूण आहे. ती वापरली की उत्तर येतं उणे चार. बाकीसुद्धा जुळत नाही: जावात उणे एक, पायथॉनमध्ये अधिक एक. चुकलेलं कोणीच नाही. सी आणि तिच्या गोतावळ्यातल्या भाषा अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटतात, जावाही त्यांतलीच. पायथॉन नेहमी खालच्या पूर्णांकावर उतरते आणि त्यामागे विचार आहे. चोवीस तासांच्या घड्याळात शून्य वाजले असताना एक तास मागे जायचं असेल, तर उणे एकला २४ ने भागून बाकी काढायची. पायथॉन २३ देते, म्हणजे रात्रीचे अकरा. जावा उणे एक देते. तो तास कोणत्याच घड्याळात सापडत नाही.

नुकताच प्रोग्रामिंग शिकू लागलेला मुलगा इथे फारसा फसत नाही. त्याला भागाकाराची खूणच नवी असते, म्हणून तो ते पान वाचतो, दोन-चार आकडे घालून बघतो. फसतो तो दहा वर्षं जावात काढलेला सीनियर डेव्हलपर. एका रेघेने अपूर्णांक येतो एवढं त्याच्या लक्षात येतं, तो दुसरी रेघ जोडतो आणि पुढे जातो. भागाकार त्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून येतो, त्यात वाचायचं काय? टेस्ट पास होते, कारण टेस्टमधले सगळे आकडे धन असतात. बग पहिला ऋण आकडा येईपर्यंत स्वस्थ बसून राहतो.

पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत काम करणाऱ्या डेव्हलपरवर नवी भाषा शिकण्याची वेळ बहुधा हौसेने येत नाही. प्रोजेक्ट बदलतो, क्लायंट बदलतो, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये कळतं की पुढची सर्व्हिस गोमध्ये किंवा रस्टमध्ये लिहायची आहे. मग तो लूप कसा लिहायचा, अट कशी घालायची, फंक्शन आणि क्लास कसे बांधायचे हे बघून घेतो आणि कामाला लागतो. शनिवार-रविवारात एवढं जमतंही. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि ती अज्ञानाची नसते. आधीचं ज्ञान वाटेत आडवं येतं.

या आडवं येण्याचा अभ्यास झालेला आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या एथेल त्शुकुडू आणि क्विंटिन कट्स यांनी २०२० मध्ये, दुसरी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाहून, दोन भाषांतल्या रचनांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात दिसायलाही सारखं आणि अर्थानेही सारखं. दुसऱ्यात अर्थ तोच, पण लिहिण्याची पद्धत वेगळी. तिसऱ्यात दिसायला सारखं, अर्थ मात्र भलताच. पहिला ढीग फुकट मिळतो. दुसरा कोणी दाखवून दिला की पटकन कळतो. तिसरा घातक, कारण तिथे शंकाच येत नाही.

तिसऱ्या ढिगातला एक नमुना बघा. पायथॉनमध्ये दोन शब्द सारखे आहेत का हे दुहेरी बरोबरच्या खुणेने तपासतात आणि मजकूर तपासला जातो. जावात तीच खूण दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का एवढंच बघते. मजकूर तपासायला वेगळी मेथड आहे. पायथॉनचा डेव्हलपर जावात आला की जुनी खूण वापरतो. त्यातही गंमत अशी की कोडमध्ये थेट लिहिलेले सारखे शब्द जावा एकाच जागी ठेवते, त्यामुळे त्याच्या छोट्या प्रयोगात उत्तर बरोबर येतं. फाइलमधून किंवा युजरकडून आलेला शब्द मात्र वेगळ्या जागी असतो, आणि तिथे तुलना फसते. प्रयोग करून पाहिल्यावरही चुकीचं ज्ञान पक्कं व्हावं, यापेक्षा वाईट काय असणार?

व्यावसायिक मंडळींची गत वेगळी नाही. निश्चल श्रेष्ठ, टायटस बारिक, क्रिस पार्निन आदी संशोधकांनी २०२० मध्येच १८ भाषांबद्दल डेव्हलपरांनी विचारलेले ४५० प्रश्न तपासले आणि १६ अनुभवी प्रोग्रामरांच्या मुलाखती घेतल्या. जुन्या भाषेची सवय नव्या भाषेत लुडबूड करते, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. त्याच्याही तीस वर्षं आधी, १९९० मध्ये, जीन शोल्ट्झ आणि सुझन वीडेनबेक यांनी पास्कलसारख्या भाषांत मुरलेल्या लोकांना आयकॉन नावाची अगदी वेगळ्या वळणाची भाषा शिकताना पाहिलं होतं. व्याकरणाचा त्रास तुलनेने थोडा. आखणी जुन्या भाषेतली आणि शब्द नव्या भाषेतले, असा प्रकार जास्त. पायथॉनमध्ये प्रत्येक गोष्टीचा क्लास आणि प्रत्येक क्लासला गेटर-सेटर लिहिणारा जावावाला आपल्या सगळ्यांना कोड रिव्ह्यूमध्ये भेटलेला आहे.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत असं की भाषेच्या व्याकरणाआधी तिची तक्रार वाचावी. प्रत्येक भाषा कोणाच्या तरी वैतागातून जन्मलेली असते, आणि तो वैताग कळला की तिचे निम्मे विचित्र नियम सरळ वाटू लागतात. गोचं उदाहरण छोटं आहे. रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये ती आखायला घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर सी प्लस प्लसचा अवाढव्य कोड, तो बिल्ड व्हायला लागणारा वेळ आणि त्यावर एकाच वेळी काम करणारे शेकडो लोक होते. म्हणून त्यांनी भाषा मुद्दाम लहान ठेवली: २५ राखीव शब्द, इनहेरिटन्स नाही, जावासारखी एक्सेप्शन्स नाहीत. जेनेरिक्ससुद्धा २०२२ पर्यंत नव्हती. गोमध्ये हे का नाही म्हणून चिडणारा माणूस तिने मुद्दाम टाकून दिलेल्या वस्तू तिच्याचकडे मागत असतो.

रस्टची तक्रार जास्त खोल आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबू. २००६ मध्ये ग्रेडन होअर हा मोझिलातला प्रोग्रामर व्हँकुव्हरला आपल्या इमारतीत परतला, तर लिफ्ट बंद. लिफ्टचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं, तेही पहिल्यांदा नव्हे. तो एकविसाव्या मजल्यावर राहत होता. अशा यंत्रांतले प्रोग्राम बहुतेक सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असतात आणि ते कोसळण्यामागे अनेकदा मेमरीच्या चुका असतात, हे त्याला माहीत होतं: परत केलेली मेमरी पुन्हा वापरणं, एकच मेमरी दोनदा परत करणं, ठरलेल्या हद्दीबाहेर लिहिणं. त्याने फावल्या वेळात नवी भाषा लिहायला घेतली. २००९ मध्ये मोझिलाने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ ला तिची १.० आवृत्ती आली. तक्रार एकट्या होअरची नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असतात. पुढच्या वर्षी क्रोमच्या टीमनेही आपल्या गंभीर त्रुटींबद्दल जवळपास तेवढाच आकडा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ कर्नलमध्ये रस्टला प्रवेश मिळाला, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

जावा, पायथॉन, गो यांनी या दुखण्यावर गार्बेज कलेक्टर बसवला. प्रोग्राम चालू असताना तो फिरून कोणाला नको असलेली मेमरी गोळा करतो. सोय आहे, पण तिची किंमत चालत्या प्रोग्रामला मोजावी लागते. रस्ट ही तपासणी प्रोग्राम चालण्याआधीच, कंपायलरकडून करून घेते, आणि त्यासाठी मालकीचे नियम घालते. प्रत्येक व्हॅल्यूला एकच मालक. सातबाऱ्यावर एकच नाव असावं तसं (असा सातबारा महाराष्ट्रात विरळा, पण कल्पना करू). मालकाने जमीन दुसऱ्याच्या नावे केली की त्याचा हक्क संपला. नंतर तो त्यावर पीक घ्यायला गेला तर तलाठी हाकलून देईल. जमीन नावे न करता नुसती बघायला कितीही जण येऊ शकतात. पण कोणी नांगर धरलेला असेल, तर त्या वेळी बांधाच्या आत दुसरा कोणीही नको. रस्टच्या कंपायलरमधला बॉरो चेकर हा तलाठी आहे, आणि तो चहापाणी घेत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही नावांची एक यादी तयार केलीत, एका फंक्शनला दिलीत, आणि पुढच्या ओळीत तिची लांबी छापायला गेलात. जावात किंवा पायथॉनमध्ये यात काहीच वावगं नाही, फंक्शनला फक्त संदर्भ गेलेला असतो. रस्टमध्ये यादी त्या फंक्शनच्या मालकीची झाली, आणि तुम्हाला ई ०३८२ क्रमांकाची एरर मिळते: दिलेली वस्तू पुन्हा वापरताय. खूण तीच बरोबरची, कंस तेच, फंक्शनला हाक मारण्याची पद्धत तीच, अर्थ मात्र दुसरा. तिसऱ्या ढिगातली ही रस्टमधली सगळ्यात मोठी वस्तू. (साध्या आकड्यांची सरळ नक्कल होते, म्हणून पहिले काही प्रयोग सुरळीत पार पडतात आणि गैरसमज वाढतो.) उपाय सोपा: यादी द्यायची नाही, उसनी द्यायची. त्यासाठी एक खूण लावावी लागते.

आता दुसरा प्रसंग, आणि हा नीट बघण्यासारखा आहे. यादीवर लूप चालवताना त्याच यादीत भर घालायची किंवा तिच्यातून काही काढायचं. ही एकच चूक चार भाषा चार तऱ्हांनी वागवतात. पायथॉनमध्ये लूप चालू असताना त्याच यादीत दर फेरीला भर घालत राहिलात तर लूप संपतच नाही, आणि काढत गेलात तर मधले घटक गुपचूप गाळले जातात. जावा बहुतेक वेळा प्रोग्राम चालू असताना एक्सेप्शन फेकते, पण तशी हमी देत नाही. सी प्लस प्लसमध्ये भर घातल्यावर जागा अपुरी पडली तर यादी दुसरीकडे हलते, आणि लूप मात्र जुन्या, आता परक्या झालेल्या मेमरीवरून चालत राहतो. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी चुकीचं उत्तर येतं, कधी सहा महिने काहीच होत नाही. रस्टमध्ये असा प्रोग्राम तयारच होत नाही. ई ०५०२: यादी कोणी बघत असताना ती बदलता येणार नाही.

इथे अनुभव कामाला येतो. कॉलेजातल्या मुलाला ही एरर म्हणजे कंपायलरची कटकट वाटते. ज्याने सी प्लस प्लसमधला असा बग रात्रभर शोधलेला आहे, त्याला कंपायलर नेमका कशापासून वाचवतोय ते लगेच कळतं. त्यामुळे जुनं सगळं विसरा असा सल्ला मला पटत नाही. जुने नियम बाजूला ठेवा, जुनी दुखणी जवळ ठेवा.

कोण कुठून येतो, त्यावर कोणाला काय नडेल हे ठरतं. जावावाला एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या वस्तूंचं जाळं विणत येतो: ऑर्डरला ग्राहक माहीत, ग्राहकाला त्याच्या ऑर्डरी माहीत. एकच मालक म्हटल्यावर हे जाळं उभंच राहत नाही. मग तो सामाईक मालकी देणारे प्रकार सगळीकडे वापरू लागतो आणि रस्टमध्ये जावाच लिहितो. अशा वेळी वस्तू एका यादीत ठेवून एकमेकांचा फक्त क्रमांक लक्षात ठेवणं बरं. डेटाबेसच्या टेबलांत आपण तेच तर करतो. सी प्लस प्लसवाल्याचं दुखणं उलटं. मेमरी कधी सोडायची ते मला कळतं, कंपायलरने मला शिकवू नये, अशा ताठ्यात तो पहिल्याच आठवड्यात अनसेफ ब्लॉक उघडतो, जिथे काही तपासण्यांची जबाबदारी प्रोग्रामरवर येते. जावास्क्रिप्टवाल्यासाठी वेगळाच सापळा आहे. त्याच्याकडे असिंक फंक्शनला हाक मारली की काम तत्काळ सुरू होतं. रस्टमध्ये त्या हाकेतून फक्त कामाचं आश्वासन हाती येतं. त्याची वाट पाहिली नाही किंवा ते कोणाकडे सोपवलं नाही, तर आतली एक ओळही चालत नाही. शब्द दोन्हीकडे तेच, असिंक आणि अवेट.

एररची हाताळणी, ऑप्शनचा प्रकार, पॅटर्न मॅचिंग यांची धास्ती घेऊ नका. कोटलिन, स्विफ्ट किंवा हॅस्केल यांच्याशी तोंडओळख असेल तर हे सगळं दुसऱ्या ढिगातलं आहे.

पहिला प्रोग्राम कोणता लिहावा, याबद्दल मात्र मी आग्रही आहे. अनुभवी माणूस नवी भाषा हाती आली की कॉलेजच्या आठवणीने लिंक्ड लिस्ट लिहायला बसतो. रस्टमध्ये हा सगळ्यात वाईट आरंभ. दुहेरी लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक घटकाकडे दोन शेजारी बोट दाखवतात, म्हणजे मालक कोण हा प्रश्न पहिल्याच ओळीला उभा राहतो. रस्टमधल्या लिंक्ड लिस्ट या एकाच विषयावर एक अख्खं मोफत पुस्तक लिहिलं गेलंय, यावरून काय ते समजा. त्याऐवजी आपणच पूर्वी दुसऱ्या भाषेत लिहिलेलं एखादं छोटं, कंटाळवाणं टूल घ्या. लॉग फाइल वाचून दर तासाला किती एरर आल्या ते मोजणारं, उदाहरणार्थ. प्रश्न माहीत, उत्तर माहीत, जुना प्रोग्राम शेजारी चालतोय. नवी आहे ती फक्त भाषा. फाइल वाचणं, शब्द तोडणं, आकडे मोजणं, चुकीच्या ओळीचं काय करायचं ते ठरवणं, कमांड लाइनवरून फाइलचं नाव घेणं: भाषेचा रोजचा भाग एवढ्यात येऊन जातो.

हे लिहिताना बॉरो चेकर अडवेल. पहिल्या काही आठवड्यांत बिनधास्त नक्कल करा. क्लोन करणं म्हणजे हार मानणं, असं अनुभवी लोकांना वाटतं, कारण एक जादा कॉपीसुद्धा त्यांच्या डोळ्यांत खुपते. पण तुमच्या लॉगच्या टूलला त्या कॉपीने काडीचा फरक पडत नाही. प्रोग्राम आधी चालू दे. मग एकेक क्लोन काढून बघा की तिथे उसनं देऊन भागतं का. मालकीचे नियम वाचण्यापेक्षा या दुसऱ्या फेरीत जास्त कळतात.

कंपायलरचा संदेश शेवटपर्यंत वाचा, हे सांगायला विचित्र वाटतं, पण सांगावं लागतं. सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटच्या एरर ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ओळ क्रमांक बघून बाकीचं पान सोडून द्यायची सवय लागलेली असते. रस्टचा कंपायलर मालकी कुठे गेली, उसनं कुठे घेतलं, कुठे वापरलं हे ओळींवर बोट ठेवून दाखवतो, अनेकदा खाली दुरुस्तीही सुचवतो, आणि एररचा क्रमांक दिला तर उदाहरणासह खुलासा करतो. सोबत मिळणाऱ्या साधनांत कार्गो प्रोजेक्ट उभारतं, लायब्रऱ्या आणतं, टेस्ट चालवतं. क्लिपी तुमच्या कोडमधल्या जुन्या भाषेच्या खुणा ओळखतं: तुम्ही क्रमांक वाढवत सीच्या थाटात लूप लिहिलात, की ते इटरेटर सुचवतं. माझ्या मते नव्याने आलेल्या माणसाने क्लिपी दुसऱ्या दिवसापासून चालू ठेवावं. ते कोड रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याचा वेळ वाचवतं, आणि त्याचा राग येत नाही.

आणखी एक सावधगिरी. रस्टच्या २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा चार एडिशन्स आहेत. २०१८ च्या सुमारास बॉरो चेकर बराच समजूतदार झाला. उसनं घेतलेलं शेवटचं वापरून झालं की ते परत आलं असं तो मानू लागला. त्याआधीच्या लिखाणात ज्या झटापटी रंगवलेल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा आज होतच नाहीत. जुना मजकूर वाचायला घेताना तारीख बघा. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांचं अधिकृत पुस्तक मोफत वाचता येतं आणि ते वेळोवेळी सुधारलं जातं. त्यातलं मालकीवरचं चौथं प्रकरण घाईत वाचू नये.

आता एआयबद्दल, कारण आज कोणीही नवी भाषा एकट्याने शिकत नाही. जावाचा तुकडा देऊन रस्टमध्ये करून दे म्हटलं की तो करून मिळतो आणि बहुधा कंपाइलही होतो. शिकणाऱ्याला धोका इथेच आहे. भाषांतर करून मागितलं तर आखणी जावाचीच राहते, आणि बॉरो चेकरला गप्प करण्यासाठी केलेल्या नकला तुमच्या नजरेतून सुटतात. मी एआयचा वापर उलट्या बाजूने करावा म्हणेन. कोड स्वतः लिहायचा, अडल्यावर एरर दाखवून कारण विचारायचं, आणि चालू झाल्यावर विचारायचं की रस्टमध्ये मुरलेला माणूस हे कसं लिहील. मिळालेलं उत्तर प्रमाण लायब्ररीच्या पानांशी पडताळायचं. शोधायचं काय आणि संशय कुठे घ्यायचा, हे अनुभवी माणसाला आधीपासून येतं. त्याची खरी आघाडी तीच.

वेळ किती लागतो? गूगलने २०२२ मध्ये रस्टमध्ये प्रत्यक्ष कोड लिहिलेल्या आपल्या हजाराहून अधिक डेव्हलपरांना विचारलं होतं. दोन तृतीयांशांहून अधिक जणांना दोन महिन्यांच्या आत रस्टच्या कोडमध्ये भर घालण्याइतका आत्मविश्वास आला. जुन्या भाषेइतकंच काम दोन महिन्यांत करू लागलेले मात्र एक तृतीयांशच होते. चार महिन्यांत ते निम्म्याहून जास्त झाले. ही सगळी गूगलमधली व्यावसायिक माणसं होती. तेव्हा नव्या भाषेतला पहिला प्रोजेक्ट अंगावर घेताना हे आकडे मॅनेजरसमोर ठेवा, आणि पहिल्या दोन महिन्यांतली कोणतीही डिलिव्हरीची तारीख क्लायंटला कबूल करू देऊ नका.